अंगात आलेला बिजलीबाज

आमच्या घरात देव एकदाच बोलले, आणि बोलले ते हिंदीत. आत्या हे शेवटपर्यंत अभिमानानं सांगायची. कुणी शंका काढली की म्हणायची, "अरे, इतक्या पिढ्या झाल्या देवांना ग्वाल्हेरीत येऊन. तुम्ही शिकलात हिंदी, ते नाही शिकणार?" मी तिथंच बसलेला असायचो आणि भिंतीकडे बघायचो. कारण देव ज्याच्या तोंडून बोलले तो मी होतो, आणि ते देव नव्हते. आता आत्या नाही, मला ओरडायला कुणी उरलं नाही, माझ्या डोक्यावरचे केसही निम्मे गेले. म्हणून सांगून टाकतो.

तेव्हा आम्ही दौलतगंजात कपड्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. सकाळी खालचं शटर वर गेलं की आमची जमीन हलायची, आईच्या मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या, आणि तोच आमचा गजर. घरात आम्ही चौघं. आई, आबा, मी, आणि आबांची थोरली बहीण, आत्या. आत्याचं सासर संपलं तेव्हा ती आमच्याकडे येताना एक ट्रंक आणि खंडोबाचा टाक घेऊन आली. ट्रंक पलंगाखाली गेली, खंडोबा कोनाड्यात बसले, आणि त्या दिवसापासून घरात कांदा कधी खायचा, वांगं कधी खायचं, केस कधी कापायचे, हे सगळं ती दोघं ठरवायला लागली. आबा एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचे. आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले म्हणतात. आबांपर्यंत येता येता घोडा गेला, स्टूल आलं. तीस वर्षांत त्यांनी एकदाही गोळी चालवली नाही, पण मिशा अशा की चालवलीच असेल असं वाटावं. आणि मी. मी आठवीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसायला गेलो तर मास्तर म्हणाले, "बेटा, अब तू खड़ा ही हो जा." तो उभा राहिलो तो सरळ गजकच्या कारखान्यात.

गजक ज्यांनी फक्त खाल्ली आहे त्यांना वाटतं ती गोड वस्तू आहे. ती मार खाऊन गोड होते. गुळाचा पाक खुंटीवर टाकून ओढायचा, ओढून ओढून पांढरा झाला की भाजलेल्या तिळात लोळवायचा, आणि मग समोरासमोर बसून लाकडी हातोड्यांनी कुटायचं. एक घाव माझा, एक घाव मुन्नाचा. ताल चुकला की बोट गेलं. मुन्ना माझा जोडीदार, माझ्यासारखाच शाळेनं सोडलेला, आणि आम्हा दोघांचा देव एकच, बिजलीबाज. तो कुठल्या मुलुखाचा होता कोण जाणे, गोरा होता, पण आमच्या टॉकीजात तो शुद्ध हिंदी बोलायचा. पाठीवर पोलादाचे पंख, मुठीत वीज. पहिला भाग पाहिला तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते, पाचवा पाहिला तेव्हा मिसरूड फुटलं होतं. मधले सगळेच भाग काही चांगले नव्हते. खरं सांगायचं तर दुसऱ्यानंतर एकही नव्हता. चौथ्यात तर त्याचा चेहराच बदलला. जुना नट भांडून गेला म्हणे, नवा आणला, आणि पडद्यावर कुणी हूं का चूं केलं नाही, जशी काही घरात आई बदलली आणि पोरं जेवायला बसली. मी आणि मुन्ना त्या दिवशी शपथ घेऊन उठलो की आता पुन्हा पाय ठेवणार नाही. वर्षानं मुन्नाच्या मोबाइलवर पाचव्याचा दीड मिनिटाचा ट्रेलर आला आणि आम्ही तो कारखान्यात गुळाच्या हातांनी चाळीस वेळा पाहिला. मोबाइल चिकटून बसला तो बसलाच. पाचवाही पाहून झाला, आणि मग सहाव्याची, शेवटच्या भागाची वाट सुरू झाली.

"इस बार उड़ेगा," मुन्ना म्हणायचा. ठक.

"पंख तुटलाय ना पाचव्यात," मी म्हणायचो. ठक.

"तो जुड़ेगा ना बे. आखिरी पार्ट है. आखिरी में हीरो को मारते हैं क्या?" ठक.

मला हा धीर फार लागायचा. कारण मी जन्माचा भित्रा. पालीला भ्यायचो, कुत्र्याला भ्यायचो, किला गेटच्या चढावर खाली बघायला भ्यायचो, आणि त्या वर्षी मी सगळ्यात जास्त भ्यायलो ते जिन्याला. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या. आबा ड्यूटीवरून आले की मी वर बसून मोजायचो. आधी सतरा सलग वाजायच्या. मग दहावर थांबायला लागले. मग सहावर. त्या थांबण्यात जो श्वास ऐकू यायचा ना, जुनी सायकल पंक्चर असताना कुणी ढकलत आणावी तसा, तो ऐकून माझ्या हाताचा घास हातात राहायचा. आई पोळी लाटता लाटता लाटणं थांबवायची. आत्या जप मोठ्यानं करायला लागायची. आबा वर आले की आम्ही तिघं एकदम काहीतरी भलतंच बोलायला लागायचो.

शेवटी कंपू भागातल्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण होते, कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं. नळ्या बंद झाल्यात, नव्या जोडाव्या लागतील. "दिल को थोड़ी देर के लिए रोकेंगे," ते म्हणाले, "उतनी देर काम मशीन करेगी. फिर वापस चालू कर देंगे."

आबांनी विचारलं, "रोकेंगे मतलब?"

"मतलब बंद."

"आणि चालू नाही झालं तर?" हे आबांनी मराठीत विचारलं, माझ्याकडे बघून, जसं काही मशीन मी चालवणार होतो. मी हसलो. मला भीती वाटली की हसू येतं, त्याला मी काय करू. आबा डॉक्टरांना म्हणाले, "ठीक है साहब, जैसा आप कहें," आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की किरकोळ काम आहे, नळ बदलतात तसं. मग पलंगाखालून ड्यूटीचे जुने बूट काढले, जे त्यांना आता घट्ट होत होते, आणि पॉलिश करत बसले. दुसऱ्या दिवशी परत तेच बूट, परत पॉलिश. आई मला म्हणाली, "ह्यांना काय झालंय रे?" मी म्हटलं, "काही नाही, चमकतायत." तारीख मिळाली होती चंपाषष्ठीनंतरच्या सोमवारची.

चंपाषष्ठी म्हणजे आमच्या आत्याचं राज्य. सहा दिवस खंडोबाचं नवरात्र, सहा दिवस एक वेळ जेवण, आणि सहाव्या दिवशी दुपारी वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, तळी उचलायची, मग पारणं. त्या वर्षी आत्यानं आबांसाठी उपास कडक केले आणि मलाही धरायला लावले, दोन्ही वेळचे. आणि माझं नशीब असं की बिजलीबाजचा सहावा, शेवटचा भाग बरोबर चंपाषष्ठीला लागला. पहिला शो सकाळी नऊचा. आत्यानं मला सात वाजता हातात पिशवी देऊन पाठवलं, "नंदू, दीड किलो भरताची वांगी आण, बिनकिडीची, आणि लौकर ये, मला भाजायचीत." मी वांगी आणली. बिनकिडीची आणली. आणि ती मांडीवर घेऊन टॉकीजात जाऊन बसलो.

मला कुणी विचारलं असतं की बापाचं ऑपरेशन दोन दिवसांवर आणि तू सिनेमाला कसा बसलास, तर मी म्हटलं असतं, त्याच्यासाठीच बसलो. हे मूर्खपणाचं वाटेल, आहेच. पण माझ्या डोक्यात असं बसून गेलं होतं की तो एकदा, फक्त एकदा, नीट उडाला ना, तर मला सोमवारी दवाखान्याच्या दारात उभं राहता येईल.

नाही उडाला. शेवटी असं होतं की शहराखाली एक मोठी मशीन आहे, तिच्यात कुणीतरी जिवंत माणसानं जाऊन आपल्या हृदयानं ती चालवायची, तरच शहर वाचेल. आता तुम्ही म्हणाल हा रचून सांगतोय. मी आठवी नापास माणूस, मला एवढं रचता आलं असतं तर गजक कुटली असती का? बिजलीबाज तुटका पंख ओढत मशीनच्या दाराशी जातो. त्याचा म्हातारा एकडोळ्या उस्ताद मागून ओरडतो, "मत जा! उस मशीन में मत जा! जो गया, वो लौटा नहीं!"  बिजलीबाज वळून बघतो, आत जातो, दार बंद होतं. मग पांढरा उजेड. मग काही नाही. प्रत्येक भागात शेवटची नावं संपल्यावर एक छोटा तुकडा असायचा, पुढच्या भागाची आशा लावणारा. मी आणि मुन्ना नावं संपेपर्यंत बसलो. ह्या वेळी तुकडाही नव्हता. झाडूवाला आला, म्हणाला, "उठो भाई, मर गया." मुन्ना रडत होता. मी रडत नव्हतो, मला थंडी वाजत होती. खाली बघितलं तर मी वांगी इतकी आवळली होती की निम्म्यांचं भरीत न भाजताच झालं होतं.

(पुढं काही वर्षांनी त्याच कंपनीनं त्याला परत जिवंत केला. म्हणे मेला तो दुसराच, दुसऱ्या दुनियेतला. सातवा भाग. मी आणि मुन्ना पोरांना घेऊन गेलो आणि इंटरव्हलला उठून आलो. ज्याच्या मरणापायी माझ्या घरात एवढं रामायण होऊन गेलं, तो मेलाच नव्हता? असा राग मला सख्ख्या नातेवाईकाचाही आला नाही कधी.)

घरी पोचलो तर एक वाजून गेला होता. जिन्यातच आत्याचा आवाज, "आला का तो मुडदा? मुहूर्त टळला माझा!" तळीला पाच पुरुष लागतात. गल्लीतले आमच्यातले तिघं येऊन बसले होते, चौथे आबा, पाचवा मी. आत्यानं माझ्या हातातली पिशवी हिसकली, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि देवासमोर शिवी देता येत नाही म्हणून नुसती थरथरली. कसंतरी भरीत झालं. ताम्हणात पानं, सुपाऱ्या, खोबरं, भंडारा. आम्ही पाच जण गुडघे टेकून बसलो, ताम्हणाला हात लावला. "येळकोट येळकोट जय मल्हार!" एकदा वर. "सदानंदाचा येळकोट!" दुसऱ्यांदा वर. समोर आबांचे हात होते. ताम्हण काही जड नसतं, पण ते हात कापत होते, आणि नखं निळी दिसत होती. सहा दिवसांचा उपास, थंडी, धुपाचा धूर, त्या नखांचा रंग, आणि डोळे मिटले की तो पांढरा उजेड. तिसऱ्यांदा वर नेताना माझे दात वाजायला लागले. मग खांदे. मग मी सगळाच. ताम्हण बाकीच्यांनी सांभाळलं, मी बाजूला कोसळलो, आणि तोंडातून हुंदका फुटला तो हुंदक्यासारखा नाही, बैलासारखा फुटला.

"अगं बाई!" आत्या किंचाळली. "आले! आले देव! वहिनी, भंडारा आण!"

पुढच्या क्षणी माझ्या कपाळावर, नाकात, डोळ्यांत हळद. कुणी तरी थाळी बडवायला लागलं. मला सगळं ऐकू येत होतं, हे मी आज कबूल करतो. पण अंग थांबत नव्हतं. थांबवायचा मी प्रयत्न केला, जितका करावा तितकं जास्त हालायचं. आत्या माझ्यासमोर पदर पसरून, "देवा, कोण आहात, बोला! लेकरांना काही सांगा!" आणि मग आईचा आवाज आला. आई कधी देवाशी मोठ्यानं बोलत नसे. ती हळूच म्हणाली, "देवा, ह्यांना त्या मशीनवर न्यायचंय सोमवारी. नेऊ का?"

मशीन. तो एक शब्द कानात पडला आणि माझ्या पोटातून, शपथ घेऊन सांगतो, न विचारता, त्या म्हाताऱ्या उस्तादाच्या आवाजात निघालं, "मत जा! उस मशीन में मत जा! जो गया, वो लौटा नहीं!"

थाळी थांबली. इतकी शांतता झाली की खालचा दुकानदार कापड फाडत होता ते ऐकू आलं. मी एक डोळा किलकिला केला. सगळे जमिनीला टेकले होते. तिघे पाहुणे, आई, आत्या. आणि आबा. आबांनी गुडघे टेकले, मिशा माझ्या पायांना लागल्या, आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. ज्या माणसानं मला आयुष्यात पायातल्या वस्तूनंच समजावलं होतं, तो. त्याच वेळी मी उठून सांगायला पाहिजे होतं की मी सिनेमाला गेलो होतो. दोन शब्दांचं काम. मी डोळा परत मिटून घेतला. भीतीनं मिटला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असं आहे की थोडं बरंही वाटलं होतं.

सोमवार आला आणि गेला. आबांनी दवाखान्यात निरोप पाठवला की देवाची आज्ञा नाही. घरात माझी चैन सुरू झाली. आई मला साय घातलेलं दूध द्यायला लागली. आत्या मला "नंदू" म्हणायची ती "नंदराव" म्हणायला लागली. गल्लीतल्या बायका जिन्यात थांबून विचारायच्या, पोरीचं कधी जमेल, म्हैस व्यायची का. मी म्हणायचो, "व्याईल." म्हैस व्याली, माझं नाव आणखी झालं. आणि आबा जिन्यात चौथ्या पायरीवर थांबायला लागले. मग त्यांनी खाली जाणंच सोडलं. खुर्चीत बसून राहायचे, बूट समोर ठेवून. मी दूध पीत असायचो आणि तो श्वास ऐकत असायचो. एक एक श्वास मला विचारायचा, काय रे देवा, आता?

मुन्नाला सांगितलं. त्यानं हातोडा खाली ठेवला. "तूने उस्ताद का डायलॉग मारा? अपने बाप पे?"

"मारा नाही रे, निकल गया."

"तो जाके बोल दे."

"मारतील."

"अबे वो मर जाएँगे," मुन्ना म्हणाला. तो कधी इतक्या हळू बोलत नाही.

मी आत्याला सांगितलं. ती वाती वळत होती. मी म्हटलं, "आत्या, त्या दिवशी देव नव्हते, मी सिनेमातलं बोललो." तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "असंच वाटतं बाळा, देव निघून गेले की. माणसाला वाटतं आपणच बोललो. माझ्या सासऱ्यांना पण असंच वाटायचं." मी म्हटलं, "अगं पण हिंदीत?" तर तेव्हा तिनं ते पिढ्यांचं उत्तर दिलं. आईला सांगितलं तर आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला, "देवाचं बोलणं परत घेतोस? त्यांच्या जिवावर उठतोस?" आणि रडायला लागली. आयुष्यभर मी खोटं बोललो आणि सगळ्यांनी पकडलं. खरं बोललो तर कुणी ऐकेना.

दवाखान्यातून फोन आला तो मी घेतला. डॉक्टर म्हणाले, "ज़्यादा मत खींचो, भैया." त्याच दिवशी मुन्नानं सांगितलं की सिनेमा आता फक्त दुपारच्या शोला आहे आणि गुरुवारी उतरणार. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. आबांचा माझ्यावर विश्वास नाही, पण स्वतःच्या कानांवर आहे. त्यांनी ते शब्द पडद्यावरून ऐकले पाहिजेत. पण खाली बसायलाही न उतरणारा माणूस टॉकीजात येणार कसा? तर गुरुवारी सकाळी मी कोनाड्यासमोर उभा राहिलो, मनात खंडोबाला म्हटलं, एकदा झालंय, आणखी एकदा माफ करा, आणि मोठ्यानं जाहीर केलं, "हुकूम झालाय. आबांना दुपारी टॉकीजला घेऊन जायचं."

आत्या गोंधळली. "टॉकीजला? देवांना सिनेमा कशाला?"

"विचारू नको," मी म्हटलं. मला दरदरून घाम फुटला होता, तिला ते तेज वाटलं.

आबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग बूट घातले. घट्ट होते, तरी घातले.

हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं. आबा काठावरच्या खुर्चीत बसले, एक हात छातीवर. मी ठरवून ठेवलं होतं की उस्ताद ओरडला रे ओरडला की आबांना उठवून बाहेर काढायचं, पुढचं दाखवायचं नाही. पुढं तर तो मरतो. बिजलीबाज दाराशी गेला. उस्ताद ओरडला, "मत जा! उस मशीन में मत जा! जो गया, वो लौटा नहीं!" तोच आवाज, तोच सूर, मी केला होता अगदी तसा. आबांची मान माझ्याकडे वळली.

मी म्हटलं, "हेच ते. मी हेच ओरडलो. देव नव्हते आबा. चला आता, उठा."

"बस खाली."

"आबा, पुढं काही नाही."

"बस म्हटलं ना."

मी बसलो. बिजलीबाज आत गेला, दार बंद झालं, पांढरा उजेड आबांच्या तोंडावर पडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलो. देव नव्हते हे तर कळलं, पण सिनेमाही तेच सांगत होता की आत गेलेला परत येत नाही. आता मी दोन्हीकडून मेलो. नावं वर सरकत होती. मी आबांचा श्वास मोजत होतो.

"मेला?" आबांनी विचारलं.

"हो."

"त्याला माहीत होतं?"

"हो."

टॉकीजबाहेर चहाच्या गाडीवर त्यांना बाकावर बसवलं. मी म्हटलं, "आबा, मारायचं असेल तर मारा, पण घरी गेल्यावर. इथं पोरं ओळखतात मला."

आबांनी चहा फुंकला. "मला माहीत होतं."

"काय?"

"तुझ्या अंगात देव येतील? तुझ्या अंगात बनियन नीट बसत नाही."

"मग पाया का पडलात?"

त्यांनी कप तोंडाशी धरून ठेवला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा धूर खाली बसेपर्यंत. मग म्हणाले, "त्या डॉक्टरला नाही म्हणायला कुणीतरी पाहिजे होतं मला. मी कसं म्हणू? तीस वर्षं बंदूक घेऊन बसलो दारात. लोक म्हणतील, गार्ड घाबरला."

"तुम्हाला भीती वाटते?"

"गाढवा," आबा म्हणाले, "भीती वाटत नाही त्याला बंदूक कशाला लागते?"

 मला वाटायचं घरात भित्रा मी एकटाच. त्यांनी कप ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठले. "फाइल तुझ्या आईनं गादीखाली ठेवलीय. उद्या कंपूला जाऊ. आत्याला सांग, देवांनी परवानगी दिली." दोन पावलं चालून थांबले, श्वास घेतला. "टॉकीजात दिली म्हणून सांग. तिला पटेल."

तिला पटलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांना पहाटे आत नेलं. स्ट्रेचरवर आबा माझ्याशी काही बोलले नाहीत, नुसते वरच्या दिव्यांकडे बघत गेले. दार बंद झालं. आई खाली औषधांच्या खिडकीवर रांगेत उभी होती, मी आणि आत्या बाहेर बाकावर. एक तास गेला, दोन गेले. आतून कसलाच आवाज नाही. मला सारखं वाटत होतं, आत्ता थांबवलं असेल. आत्ता त्यांचं बंद असेल. चालू झालं असेल का? आणि मग माझे दात वाजायला लागले. खांदे. गुडघे. बाक भिंतीवर आपटायला लागला. बाकीच्या लोकांनी वळून बघितलं. आत्यानं तिथल्या तिथं चपला काढल्या, हात जोडले, आणि म्हणाली, "देवा... आलात? सांगा, वाचेल का माझा भाऊ?"

सगळी बाहेरची माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला "वाचेल" म्हणता आलं असतं. फार सोपं होतं. म्हशीला म्हटलं होतं.

"कोणी नाही आलं, आत्या," मी म्हटलं. "मी आहे. नंदू. मला भीती वाटतेय."

आत्याचे हात तसेच जोडलेले राहिले. मग तिनं ते सोडले, माझ्या शेजारी सरकली, आणि माझा पंजा आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तेव्हा मला कळलं की तीही थरथरत होती. "मला पण," ती म्हणाली. देवाचं नाव न घेता तिला बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दार उघडलं तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी आमच्याकडे बघितलं, आणि नर्सला म्हणाले, "पहले इन दोनों को पानी पिलाओ." मग तोंडावरची पट्टी खाली ओढली. "अरे, पेशेंट तो ठीक है. आप लोगों को क्या हुआ?"